मोटारीच्या कपाळावरचा मीना

पोळ्याच्या दिवशी बैलांच्या शिंगांना रंग देतात, शेंब्या चढवतात, गळ्यात घुंगरमाळा आणि पाठीवर झूल घालतात. परंतु पाहणाऱ्याची नजर प्रथम खिळते ती कपाळावरच्या बाशिंगावर. सातपुड्याच्या पायथ्याच्या सोनाळ्यापासून खाली पूर्णाकाठच्या गावांपर्यंत हीच रीत आहे. जोडी कोणाच्या दावणीची आणि तिचा मान कोणता, हे सांगण्याची जागा म्हणजे कपाळ. पुढे बैलगाडीच्या जोडीला मोटार आली, तेव्हा माणसाने तिलाही एक कपाळ दिले आणि त्यावर टिळा लावला. अमेरिकेतील मोटार उद्योगाच्या आरंभकाळात, ढोबळमानाने १९०५ ते १९३५ या तीस वर्षांत, हा टिळा बहुधा तांब्या-पितळेच्या छोट्या पत्र्यावर रंगीत काच वितळवून तयार केलेला असे. आपल्याकडे दागिन्यांवर जे मीनाकाम करतात, त्याचाच हा कारखान्यातला भाऊ.

प्रस्तुत लेखात रेडिएटरवरील या मीनाकामाच्या बोधचिन्हांविषयी थोडी माहिती द्यावयाची आहे. विषय दूरदेशीचा वाटेल. परंतु हीच चिन्हे मुंबईतील शिवडी आणि कुर्ला येथून महाराष्ट्राच्या सडकांवर आली, आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी मोटारी ओळखल्या त्या याच चिन्हांवरून. शिवाय हा तळहाताएवढाही नसलेला तुकडा एक मोठा प्रश्न विचारतो. वस्तू घडवतो कोण, आणि तिच्यावर नाव लागते कोणाचे?

मोटारीला कपाळ कसे आले?

पेट्रोलच्या इंजिनात इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा बराच मोठा भाग गतीच्या कामी येत नाही. ती बाहेर काढली नाही तर इंजिन अडकून बसेल. म्हणून इंजिनाभोवती पाणी खेळवतात, आणि ते तापलेले पाणी बारीक नळ्यांच्या एका जाळीतून नेऊन थंड करतात. ही जाळी म्हणजे रेडिएटर. त्याला वारा हवा, आणि धावत्या गाडीला वारा लागतो तो समोरून. सबब रेडिएटरची जागा पुढे ठरली. त्याभोवती प्रारंभी पितळेची आणि नंतर निकेलचा मुलामा दिलेली चौकट बसवू लागले. अशा रीतीने केवळ यंत्राच्या सोयीसाठी पुढे आलेला हा भाग मोटारीचा चेहरा बनला.

चेहरा म्हटला की ओळख आली. पॅकार्ड कंपनीने आपल्या रेडिएटरच्या वरच्या कडेला बैलाच्या जुवासारखा बाक दिला होता. त्या बाकावरून लांबूनही गाडी कोणाची हे जाणकारास कळे. परंतु प्रत्येकाला असा वेगळा आकार साधणे शक्य नव्हते. बाकीच्यांनी चौकटीच्या वरच्या भागी, अगदी कपाळाच्या मध्यावर, आपले चिन्ह जडवले.

या कपाळाची लोकांना किती सवय झाली होती, याचे एक गमतीदार उदाहरण आहे. न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथील फ्रँकलिन कंपनी हवेने थंड होणारी इंजिने बनवी. तिच्या गाडीत पाणी नव्हते, म्हणून रेडिएटरही नव्हता. पुढचा भाग आपला उतरता आणि निमुळता. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हे अगदी प्रामाणिक रूप होते. पण विक्रेते तक्रार करू लागले की गिऱ्हाइकाला ही गाडी मोटारीसारखी दिसतच नाही! अखेर १९२५ च्या सुमारास कंपनीने रेडिएटरसारखा दिसणारा खोटा दर्शनी भाग बसवला. कंपनीचे मुख्य अभियंते जॉन विल्किन्सन यांना ही तडजोड इतकी झोंबली की त्यांनी कंपनी सोडली. पाणी नसले तरी चालेल, कपाळ मात्र हवे, असा हा लोकांचा कौल होता.

सारखी यंत्रे, निराळी नावे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. चिन्हावर एवढा खर्च आणि एवढी कलाकुसर कशासाठी?

त्या काळी अमेरिकेत मोटारी बनवणाऱ्यांची नुसती झुंबड उडाली होती. १९०८ साली तेथे अडीचशेच्या वर उत्पादक होते. परंतु यांतील सगळेच खऱ्या अर्थाने मोटार घडवीत नव्हते. पुष्कळ जण इंजिन मिशिगनमधील काँटिनेंटल कंपनीकडून आणीत, आस टिमकेनकडून, क्लच आणखी कोणाकडून. मग हे सारे सुटे भाग एका सांगाड्यावर जुळवून त्यावर स्वतःचे नाव लावीत. अशा गाड्यांना तेथे ‘जुळवलेल्या मोटारी’ असेच म्हणत. बॉनेट उघडले तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत तेच इंजिन दिसायचे. निराळे काय, तर कपाळावरचे चिन्ह.

सेंट लुईस शहरातील मून कंपनीचे उदाहरण घ्या. जोसेफ मून हे तिचे संस्थापक. आडनावाचा अर्थच चंद्र, म्हणून चिन्हात चंद्रकोर. ही गाडी बाहेरून आणलेल्या भागांची होती, आणि १९२० च्या सुमारास तिने आपल्या रेडिएटरला चक्क रोल्स-रॉइसच्या रेडिएटरसारखे रूप दिले. म्हणजे पोट एकाचे, कपाळाची ठेवण दुसऱ्याची, आणि स्वतःचा म्हणून उरला तो चंद्रकोरीचा टिळा. तरी ती गाडी वाईट नव्हती, आणि कंपनी १९३० पर्यंत टिकली.

याच्या नेमकी उलट स्थिती फोर्डची. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डने ‘मॉडेल टी’च्या दीड कोटीहून अधिक गाड्या विकल्या. त्यांच्या रेडिएटरवर वळणदार अक्षरांत नुसते ‘फोर्ड’ असे नाव धातूतच उमटवलेले असे. मीना नाही, मुकुट नाही. ज्याला सारे जग ओळखते त्याला टिळ्याची गरज काय? स्पर्धा वाढली, शेव्हर्लेने जोर धरला आणि फोर्डला नवे ‘मॉडेल ए’ काढावे लागले, तेव्हा म्हणजे १९२८ च्या गाड्यांवर निळ्या मीन्याचे लंबवर्तुळाकार चिन्ह आले.

यावरून एक नियमच मांडता येईल. वस्तू जितक्या एकमेकींसारख्या होत जातात, तितका चिन्हावरचा भार वाढत जातो. आणि चिन्हावर भार वाढला म्हणजे ते दिखाऊही होऊ लागते.

चिन्हे काय सांगतात?

या चिन्हांचे वाचन हा मोठा मनोरंजक भाग आहे. काहींत घराण्याचा तोरा आहे, काहींत व्यवसायाची परंपरा, काहींत निव्वळ अक्षरे, तर काहींत इतिहासातून उसनी घेतलेली प्रतिष्ठा.

कॅडिलॅकच्या चिन्हात मुकुट आहे, ढाल आहे आणि ढालीवर पाय नसलेले चिमुकले पक्षी आहेत. हे युरोपातील सरदारी कुलचिन्ह. आंत्वान द ला मॉथ कॅडिलॅक या फ्रेंच माणसाने १७०१ साली डेट्रॉइटची वसाहत स्थापन केली. त्याचे नाव आणि चिन्ह १९०२ साली निघालेल्या मोटार कंपनीने घेतले. १९०६ साली ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले. यातली खोच अशी की हा गृहस्थ मुळात सरदार नव्हताच. त्याचे खरे नाव आंत्वान लोमे. अमेरिकेत आल्यावर त्याने सरदारी नाव आणि कुलचिन्ह आपले आपणच लावून घेतले. म्हणजे मोटारीने उसने घेतलेले घराणे आधीच उसने होते!

डॉज बंधूंचे चिन्ह वेगळ्या जातीचे. जॉन आणि होरेस हे दोघे भाऊ प्रारंभी फोर्डला यंत्राचे भाग पुरवीत. १९१४ च्या अखेरीस त्यांनी स्वतःची गाडी काढली. तिच्या वर्तुळाकार चिन्हात एकमेकांत गुंतलेले दोन त्रिकोण, मध्ये त्यांच्या नावांची आद्याक्षरे आणि मागे पृथ्वीचा गोल होता. दोन त्रिकोणांचा सहा टोकांचा तारा झाला, म्हणून त्याच्या अर्थाविषयी नाना तर्क लढवले गेले. दोन भावांची अतूट जोडी असा अर्थ सहज सुचतो. १९२० साली दोघेही भाऊ पाठोपाठ वारले. १९२८ मध्ये कंपनी क्रायस्लरकडे गेली, आणि पुढे त्या ताऱ्याची जागा मेंढ्याच्या मुखवट्याने घेतली.

स्टुडबेकर बंधूंची कथा आपल्याला अधिक जवळची वाटेल. ते मूळचे गाडीवान लोकांचे कारागीर. इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे १८५२ पासून ते घोड्याच्या गाड्या आणि छकडे बनवीत. विसाव्या शतकाच्या आरंभी ते मोटारींकडे वळले. त्यांच्या मीनाकामाच्या चिन्हात गाडीचे चाक आहे आणि त्यावरून तिरपे जाणारे त्यांचे नाव. सुताराने मोटार काढली तरी चाकाला तो विसरला नाही.

क्रायस्लरने १९२४ साली आपल्या पहिल्या गाडीवर लाखेच्या मोहरेसारखे चिन्ह लावले, फितीसह. दस्तऐवजावर मोहोर उठवली म्हणजे तो खरा, हा संकेत त्यांनी मोटारीवर आणला. त्याच घरातून १९२८ मध्ये निघालेल्या प्लिमथने ‘मेफ्लॉवर’ हे जहाज कपाळी घेतले. हडसनचे चिन्ह म्हणजे साधा पांढरा त्रिकोण. पाँटिअॅकवर मूळच्या अमेरिकन आदिवासी प्रमुखाचे मस्तक होते. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या नायकाचे चित्र मोटारीची शोभा व्हावे, यातला विरोधाभास विचारी वाचकाला बोचल्यावाचून राहत नाही.

शेव्हर्लेच्या चिन्हाविषयी तर दोन कथा आहेत. कंपनीचे संस्थापक विल्यम ड्युरंट सांगत की फ्रान्समधील एका हॉटेलच्या भिंतीवरच्या कागदात तो नमुना त्यांना दिसला. त्यांच्या पत्नीच्या आठवणीप्रमाणे तो एका वृत्तपत्रातील जाहिरातीवरून सुचला. ज्यांचे नाव गाडीला दिले ते लुई शेव्हर्ले हे स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले शर्यतपटू १९११ मध्ये कंपनी निघाल्यानंतर थोड्याच काळात तिच्यातून बाहेर पडले. गाडी जगभर गेली. नावाचा धनी मात्र त्या वैभवाचा वाटेकरी झाला नाही.

भट्टीतील काच

ही चिन्हे बनवीत कशी? मीना म्हणजे रंग नव्हे, ती काच आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या घरांत निळ्या काठाचे पांढरे इनॅमलचे टमरेल असे, किंवा दारावर निळ्या-पांढऱ्या क्रमांकाची पाटी असे. तोच हा पदार्थ, फक्त अधिक नाजूक हाताने लावलेला.

वाळू, सोडा किंवा पोटॅश, टाकणखार आणि शिशाचा ऑक्साइड एकत्र वितळवून मऊ जातीची काच तयार करतात. तिच्यात धातूंचे ऑक्साइड मिसळले की रंग येतो. कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा किंवा मोरपिशी, मँगनीजने जांभळा, कथिलाने अपारदर्शक पांढरा. तांबड्याचे काम सर्वांत अवघड. जुन्या पद्धतीत त्यासाठी सोने लागे, पुढे सेलेनियम आणि कॅडमियम वापरू लागले. आच जरा जास्त झाली की तांबडा काळवंडतो. ही काच खलात कुटून तिची वाळूसारखी पूड करतात आणि पाणी नितळ येईपर्यंत पुनःपुन्हा धुतात, कारण अगदी बारीक भुकटी राहिली तर रंग दुधाळ दिसतो.

दुसरीकडे तांब्याचा पत्रा पोलादी ठशाखाली दाबून त्यावर चित्र उमटवतात. ज्या जागी रंग भरायचा ती खोलगट, आणि दोन रंगांच्या मध्ये धातूची बारीक बांधासारखी रेघ. शेतात बांध घालून वाफे पाडावेत तसे हे दिसते. या वाफ्यांत ओली काचपूड हाताने, बारीक हत्याराच्या टोकाने भरतात. ती वाळली की पत्रा सुमारे ८०० अंश सेल्सियसच्या भट्टीत दोन-तीन मिनिटे ठेवतात. काच वितळते आणि तांब्याला घट्ट धरते. वितळल्यावर ती खाली बसते, म्हणून पुन्हा भरायची आणि पुन्हा भाजायची. असे दोन-तीन वेळा करावे लागते. नंतर दगडाने घासून काच आणि धातूच्या रेघा एका पातळीत आणतात, आणि झिलई यावी म्हणून शेवटची आच देतात. उघड्या धातूवर विजेच्या साहाय्याने निकेल, चांदी किंवा सोन्याचा मुलामा चढवला की चिन्ह तयार.

संग्राहक या सर्व चिन्हांना सरसकट ‘क्लॉइझोने’ म्हणतात. काटेकोरपणे पाहिले तर क्लॉइझोने म्हणजे धातूची बारीक तार वाकवून, ती पत्र्यावर बसवून केलेले वाफे. चीन-जपानची भांडी या पद्धतीची. पत्राच खोलगट करून त्यात मीना भरणे ही ‘शांपलेव्हे’ पद्धत, आणि जयपूरचा मीनाकार सोने कोरून जे करतो तेही तत्त्वतः हेच. फरक एवढाच की जयपुरात प्रत्येक खळगा हाताने कोरतात, तर मोटारचिन्हात एक ठसा हजारो पत्रे उमटवी. परंतु काच भरणे आणि भट्टीतून नेमक्या क्षणी पत्रा बाहेर काढणे ही कामे माणसाच्याच नजरेवर राहिली. यंत्र आणि हात यांची अशी भागीदारी औद्योगिक कलेच्या इतिहासात फार काळ टिकलेली नाही.

हे काम मोटार कंपन्या स्वतः करीत नसत. रॉचेस्टरचे बॅस्टियन ब्रदर्स, ओहायोतील कोलंबसची ऑल्ड कंपनी, नेवार्कची व्हाइटहेड अँड होग अशा बिल्ले बनवणाऱ्या पेढ्यांकडे ते जाई. शाळा-महाविद्यालयांचे आणि मंडळांचे बिल्ले हा अशा पेढ्यांचा नेहमीचा धंदा. कधीकधी चिन्हाच्या पाठीवर पेढीचे नाव बारीक अक्षरांत सापडते. चित्र काढणाऱ्याचे आणि काच भरणाऱ्याचे नाव मात्र सहसा कोठेच नसते.

शिवडी, कुर्ला आणि आपल्या सडका

आता आपल्या प्रांताकडे येऊ. प्रारंभी मोटारी परदेशातून पूर्ण बनून येत. वाहतूक आणि जकात यांचा खर्च वाचवण्यासाठी पुढे सुटे भाग खोक्यांत भरून आणायचे आणि येथे जोडायचे, असा मार्ग निघाला. फोर्डची हिंदुस्थानातील कंपनी कॅनडातील फोर्डच्या वतीने १९२६ साली स्थापन झाली. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जोडणीचा कारखाना काढला. शेव्हर्लेच्या मोटारी आणि लॉऱ्या येथून बाहेर पडू लागल्या. खोकी फोडणारे, सांगाडे जोडणारे, खिळे ठोकणारे हात मुंबईच्या कामगारांचे. कपाळावर ठोकलेले चिन्ह मात्र सातासमुद्रापलीकडचे.

लॉऱ्या आणि मोटारबसच्या बाबतीत तर ही विसंगती अधिकच ठळक होती. कंपनी बहुधा नुसता सांगाडा, इंजिन आणि पुढचे तोंड देत असे. मागची पेटी, बाके, छप्पर हे सारे येथले सुतार आणि लोहार घडवीत. म्हणजे नजरेला दिसणाऱ्या गाडीचा मोठा भाग आपल्या माणसांच्या हातचा, आणि तरीही ती गाडी ‘शेव्हर्ले’ किंवा ‘फोर्ड’ ठरे, कारण कपाळ त्यांचे होते. ज्याने साग तासला, पत्रा वाकवला, त्याच्या नावाला जागा नव्हती. मूनच्या चंद्रकोरीत जे तत्त्व आपण पाहिले, तेच येथे उलट्या बाजूने दिसते. तेथे इतरांच्या यंत्रावर जोडणाऱ्याचे नाव लागे. येथे जोडणाऱ्याच्या आणि घडवणाऱ्याच्या श्रमावर इतरांचे.

स्वातंत्र्यानंतर १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी एस.टी.ची पहिली बस धावली. आरंभीच्या ताफ्यात दहा बनावटींच्या गाड्या होत्या. शेव्हर्ले, फोर्ड, स्टुडबेकर या अमेरिकन, तर बेडफर्ड, सेडन, मॉरिस कमर्शियल, अल्बिअन, लेलँड, कॉमर या विलायती, आणि जोडीला इटलीची फियाट. ज्या स्टुडबेकरने साउथ बेंडमध्ये छकडे बनवण्यापासून सुरुवात केली, त्याचे नाव अशा रीतीने मराठी मुलखात उतारू वाहू लागले. आपला बुलढाणा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर नागपूरची सरकारी वाहतूक सेवा मुंबई राज्याच्या महामंडळात आली, आणि १९६० पासून आपण ज्याला महाराष्ट्राची एस.टी. म्हणतो तिचे जाळे सातपुड्याच्या कुशीतील गावांपर्यंत पसरत गेले.

देशी कपाळ घडवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांत सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांचे नाव अग्रभागी येते. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी त्यांनी क्रायस्लरशी बोलणी केली होती, पण तत्कालीन ब्रिटिश सरकारने पाठबळ दिले नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ला येथील कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली. ती डॉज, डी सोटो आणि प्लिमथ या नावांची होती. येथे आणखी एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. क्रायस्लर एकाच जातीचा ट्रक देशोदेशी डॉज, फार्गो, डी सोटो अशा वेगवेगळ्या नावांनी विकी. कपाळावरचे चिन्ह बदलले की विक्रेता बदले. गाडी तीच.

१९५३ मध्ये प्रशुल्क आयोगाने असा विचार मांडला की ज्यांना येथे खरोखर भाग घडवायचे आहेत त्यांनीच राहावे, केवळ जोडणी करणाऱ्यांनी नव्हे. त्यानंतर १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद झाला आणि फोर्डनेही गाशा गुंडाळला. कुर्ल्यात फियाटच्या छोट्या गाड्या होऊ लागल्या, आणि पुढे १९७४ च्या सुमारास त्याच गाडीला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे देशी नाव मिळाले. चिन्ह बदलले. तरीही मुंबईचा टॅक्सीवाला आणि त्याचा उतारू तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हाही बातम्यांत दोन्ही नावे जोडीने आली. कारखानदार कपाळावर काय लावतो याला मर्यादा आहे. लोकांच्या जिभेवर जे बसते ते सहजासहजी पुसता येत नाही.

मीना का मावळला?

१९२९ साली अमेरिकेतील उत्पादक अवघे ४४ उरले होते. मंदीने त्यांतलेही अनेक गिळले. फ्रँकलिन १९३४ मध्ये गेली. हडसनचे नाव १९५७ पर्यंत तगले, स्टुडबेकरची शेवटची गाडी १९६६ मध्ये कॅनडात तयार झाली. त्याचबरोबर गाडीची ठेवणही बदलली. १९३० नंतर वाऱ्याला कापत जाणारे गोलाकार रूप आले, रेडिएटर जाळीमागे लपला, आणि कपाळ म्हणून जी सपाट जागा होती तीच नाहीशी झाली. ओतीव जस्ताचे आणि पुढे प्लॅस्टिकचे चिन्ह फार स्वस्त पडे. भट्टीतून चार वेळा काढलेल्या काचेला हिशेबाच्या वहीत जागा राहिली नाही. काही महागड्या गाड्यांवर मीना रेंगाळला, पण त्याचा काळ संपला होता.

मात्र काचेचा एक गुण असा की ती उन्हाने विटत नाही. कंपनी बुडाली, गाडी गंजून मातीत गेली, तरी नव्वद-शंभर वर्षांपूर्वीचा निळा आजही निळाच असतो. म्हणूनच कित्येक कंपन्यांची डोळ्यांनी पाहता येण्याजोगी खूण म्हणून आज एवढाच तुकडा शिल्लक आहे.

असे चिन्ह हाती आले तर

अशा वस्तू आपल्याकडे संग्रहालयात क्वचित, आणि भंगारात अधिक जातात. तांबे म्हणून वजनावर त्यांचा भाव होतो. गावच्या जुन्या गॅरेजात, बंद जिनिंगच्या आवारात किंवा माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात एखादे चिन्ह मिळाले, तर काही पथ्ये पाळावीत.

पितळेची भांडी घासतो तशी चिंच, मीठ, राख किंवा वाळू त्यावर लावू नये. आम्लाने मीन्याची झिलई मरते आणि मुलामा निघतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके पुरेसे आहे. वाकलेला पत्रा सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये, कारण तांबे वाकते पण काच तडकते. डाग लावण्यासाठी तापवणे तर कटाक्षाने टाळावे. अस्सल आणि नक्कल ओळखण्याची साधी रीत म्हणजे कडेकडून प्रकाश पाडून पाहणे. भाजलेली काच धातूच्या रेघेशी अगदी समपातळीत आणि आरशासारखी दिसते. आजकालच्या नकलांत रासायनिक राळ भरलेली असते. ती रेघेपेक्षा किंचित खाली बसते आणि स्पर्शाला काचेइतकी थंड लागत नाही. पाठीमागची बाजू अवश्य पाहावी. बनवणाऱ्या पेढीचा छाप, तार ओवण्याची भोके, खिळ्याच्या खुणा तेथेच असतात.

याहून महत्त्वाचे काम मात्र वही-पेन्सिलीचे आहे. ती वस्तू कोठे मिळाली, कोणत्या गाडीची होती, ती गाडी कोण चालवी, तिची पेटी कोणत्या सुताराने बांधली, कोणत्या सडकेवर ती धावे, हे सारे सांगणारी वडीलधारी माणसे आता मोजकी उरली आहेत. चिन्ह शंभर वर्षे टिकते, आठवण टिकत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एवढे लिहून ठेवले तरी आपल्या जिल्ह्याच्या वाहतुकीचा एक पाठ वाचेल, आणि कला शिकणाऱ्याला एका अनाम कारागिरीचा नमुना मिळेल.

कारखान्याच्या नावाचा टिळा काचेचा होता म्हणून तो टिकला. ज्या सुताराने लॉरीची पेटी बांधली, ज्या कामगाराने शिवडीत तो टिळा कपाळावर ठोकला, त्यांच्या नावाचा मीना कोणी भाजला नाही. ते नाव टिकवायचे तर कागदावरच टिकवावे लागेल, आणि ते काम आपल्यालाच करावे लागेल.